जुने ग्रंथ पुन्हा छापताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जुन्या आणि अभ्यासपूर्ण ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आजोबांनी पुणे प्रांतातील वतनांवर लिहिलेला ग्रंथ १९३६ मध्ये शनिवार पेठेतील एका छापखान्यात छापला गेला. ती प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झाली. आजोबा १९५८ मध्ये वारले. ग्रंथाला त्यांच्या एका विद्वान स्नेह्यांची प्रस्तावना आहे. ते १९७४ पर्यंत हयात होते. घरात आता एकच प्रत उरली असून तिला ओल लागलेली आहे. आम्हा नातवंडांना हा ग्रंथ पुन्हा काढायचा आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागेल? आणि ग्रंथ आहे तसा छापावा की नव्याने अक्षरजुळणी करावी? यावर घरात दोन मते आहेत.
— कोथरूड, पुणे

उत्तर : परवानगीचा प्रश्न आधी निकालात काढू. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा प्रताधिकार त्याच्या निधनानंतर येणाऱ्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढली. त्यामुळे आपल्या आजोबांच्या लेखनावरील प्रताधिकार ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला आणि ग्रंथ छापण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज उरलेली नाही. याच हिशेबाने १९२६ मध्ये निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे लेखन कधीचेच मुक्त झाले आहे आणि रियासतकार सरदेसाई १९५९ मध्ये गेल्यामुळे त्यांचे लेखन २०२० च्या आरंभापासून मुक्त आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ मध्ये गेले, म्हणून त्यांचे ग्रंथ २०२६ सालाच्या अखेरपर्यंत संरक्षित राहतात. इरावती कर्वे यांच्या बाबतीत ही मर्यादा २०३० च्या अखेरीस आणि महामहोपाध्याय काणे यांच्या बाबतीत २०३२ च्या अखेरीस येते.

प्रस्तावनेची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती दुसऱ्याने लिहिलेली स्वतंत्र कृती आहे आणि तिचे लेखक १९७४ मध्ये वारले असतील, तर तिच्यावरील प्रताधिकार २०३४ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे, किंवा त्यांनी लेखी हस्तांतर केले असल्यास त्या व्यक्तीकडे वा संस्थेकडे राहील. म्हणून वारसांना गाठून लेखी संमती घ्यावी. ती मिळाली नाही, तर प्रस्तावना वगळून ग्रंथ काढावा आणि ती वगळल्याचे वाचकांना सांगावे. आजोबांचे एखादे प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर प्रथमच छापले गेले असेल, तर त्याची ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजावी लागतात, हेही पाहून घ्या. आणखी एक गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. ग्रंथ मुक्त झाला म्हणजे तो सर्वांसाठी मुक्त झाला. उद्या दुसऱ्या कोणी तो छापला, तर आपल्याला तो अडवता येणार नाही. आपला अधिकार राहील तो आपण नव्याने लिहिलेल्या भागावर, म्हणजे नव्या प्रस्तावनेवर, टिपांवर आणि नव्याने केलेल्या सूचीवर.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. घरातील दोन्ही मतांना आधार आहे, पण निर्णय घेण्याआधी दुसरी प्रत शोधा, असा माझा आग्रह राहील. पुण्यात अशी प्रत मिळण्याची शक्यता इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून ग्रंथ जमवीत आले आहेत; विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे, आणि वतनांसारख्या विषयावरील पुस्तक तेथे असणे अगदी स्वाभाविक आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधील अनेक घरगुती संग्रह पाण्याखाली गेले, त्यामुळे शनिवार-नारायण पेठांत छापलेली कित्येक पुस्तके घरांपेक्षा ग्रंथालयांतच अधिक सुरक्षित राहिली. दुसरी प्रत मिळाल्यावर दोन्ही प्रती पानोपानी ताडून पाहा. त्या काळी फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) छापत असताना मध्येच चूक ध्यानात आली, तर यंत्र थांबवून खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, बदलला जाई. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत क्वचित फरक आढळतो. ओलीने गेलेली अक्षरे अंदाजाने भरण्याचा मोहही दुसरी प्रत हाताशी असली की राहत नाही.

आहे तसे छापणे, म्हणजे जुन्या पानांचे छायाचित्रण करून त्यावरून ऑफसेटने मुद्रण करणे. या पद्धतीचा मोठा गुण असा की तिच्यात नवी मुद्रणदोषांची भर पडत नाही, आणि पृष्ठांक जसेच्या तसे राहतात. कोश, वंशावळी, कोष्टके, आकडेवारी अशा मजकुराला हीच पद्धत योग्य आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती १९७५ मध्ये पुण्यातच पुन्हा छापली गेली आणि आजही अभ्यासक तिचा हवाला देतात. तो कोश कोणी नव्याने जुळवायला घेतला असता, तर प्रत्येक पानावरच्या बारीक अक्षरांत किती नव्या चुका शिरल्या असत्या, याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र छायाचित्रण काळजीने व्हायला हवे. आपल्या ग्रंथाच्या काळातील बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा असून त्यात आम्लांश असतो. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटू लागतात. अशी पाने थेट शुद्ध काळ्या-पांढऱ्या रूपात टिपली, तर बारीक अनुस्वार आणि वेलांट्यांची टोके नाहीशी होतात, तर शिरोरेषेच्या वर पडलेला कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. देवनागरीत एका टिंबाने एकवचनाचे अनेकवचन होते, म्हणून ही किरकोळ बाब नाही. पाने आधी करड्या छटांत, इंचाला किमान ४०० ठिपके या प्रमाणात टिपावीत, आणि पार्श्वभूमी नंतर पान डोळ्यांसमोर ठेवून स्वच्छ करावी. हे काम संगणकाच्या एका आज्ञेने संपूर्ण ग्रंथावर उरकू देऊ नये.

आपल्या ग्रंथासाठी मी नव्या अक्षरजुळणीच्या बाजूने कौल देईन. हा सलग गद्याचा ग्रंथ आहे आणि आजच्या वाचकांनी तो वाचावा अशी आपली इच्छा आहे. दाट जुळवलेली, झिजलेल्या खिळ्यांची पाने आजच्या विद्यार्थ्याला दूर लोटतात. परंतु अक्षरजुळणी निवडली की संपादनाची जबाबदारी अंगावर येते, आणि ती घेण्याची तयारी नसेल, तर मग आहे तसाच छापणे अधिक प्रामाणिक ठरेल.

या जबाबदारीतील पहिला आणि सर्वांत नाजूक भाग शुद्धलेखनाचा आहे. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यांनीं’ अशी रूपे पानोपानी असतात. ती बदलून आजच्या पद्धतीने छापण्याला माझा विरोध नाही, पण हे काम यांत्रिकपणे करता येत नाही. आजोबांनी ‘घरांत’ लिहिले असेल, तर ते एका घरात की अनेक घरांमध्ये, हे वाक्य वाचल्याशिवाय कळणार नाही, कारण जुन्या लेखनात दोन्ही ठिकाणी अनुस्वार येई. वतनाच्या वाटणीविषयीच्या वाक्यात हा फरक थेट अर्थाचा फरक आहे. म्हणून अनुस्वार काढणारी व्यक्ती विषय जाणणारी असावी. ग्रंथात उद्धृत केलेली मूळ पत्रे, निवाडे, महजर आणि सनदा यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. तो लेखकाचा मजकूर नसून पुरावा आहे, आणि पुराव्याचे शुद्धलेखन सुधारणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे होय. ग्रंथाचा विषयच भाषा किंवा व्याकरण असता, तर लेखकाचे स्वतःचे लेखनही मूळ रूपातच ठेवा असे मी म्हटले असते.

अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय साधनांनी टंकनाचा वेळ खूप वाचतो, हे खरे आहे. पण जुन्या खिळ्यांवर ती साधने ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळ करतात, आणि यांतून पुष्कळदा अर्थ असलेला दुसराच शब्द तयार होतो. तो डोळ्यांना खटकत नाही, म्हणून एकट्याने केलेल्या मुद्रितशोधनात सुटतो. जुन्या छापखान्यांतील रीत येथे अजूनही कामाची आहे : एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, आकडे आणि विशेषनामे अक्षर-अक्षर फोडून सांगावीत, आणि दुसऱ्याने मुद्रित तपासावे. तळटिपांसाठी हे दोनदा करावे. अभ्यासपूर्ण ग्रंथाचा जीव तळटिपांत असतो आणि चुकांचा सुळसुळाटही तेथेच होतो.

मूळ ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र आहे का, ते पाहा, बहुधा असेलच. नव्या जुळणीत त्यातील दुरुस्त्या मजकुरात घालाव्यात आणि तसे निवेदनात नोंदवावे. लेखकाने स्वतः दाखवलेली चूक नव्या आवृत्तीत पुन्हा छापलेली मी पाहिली आहे आणि तिचे फार वाईट वाटते, कारण ती टाळण्यासाठी शेवटचे एक पान उलटणे पुरेसे होते.

पृष्ठांकांचे काय करावे, हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. १९३६ पासून ज्यांनी ज्यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथाचा हवाला दिला असेल, त्यांनी जुने पृष्ठांक दिले आहेत. नव्या जुळणीत पाने बदलली की ते सर्व हवाले निराधार होतात. यावरचा उपाय सोपा आहे : मूळ पान जेथे संपते, तेथे चौकटी कंसात किंवा समासात जुना पृष्ठांक द्यावा. खर्च काहीच वाढत नाही, आणि जुना अभ्यास व नवी आवृत्ती यांचा सांधा टिकून राहतो. सूची मात्र नव्या पृष्ठांकांप्रमाणे पुन्हा करावी लागेल. नव्या पानांमागे जुन्याच पृष्ठांकांची सूची जोडलेली पुस्तके बाजारात आहेत, आणि अशी सूची नसलेली परवडली.

शेवटी, आपण काय केले ते सांगणारे एक-दोन पानांचे संपादकीय निवेदन असावे. कोणत्या वर्षीच्या कोणत्या आवृत्तीवरून मजकूर घेतला, कोणत्या संग्रहातील प्रत वापरली, शुद्धलेखनात कोणते बदल केले, काय वगळले आणि काय नव्याने घातले, एवढे त्यात आले म्हणजे झाले. या निवेदनाशिवाय जुना ग्रंथ पुन्हा काढू नये, इतके मला ते महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी असून सदाशिव पेठेत राहतो. एका जुन्या इंग्रजी ग्रंथाचे पुनर्मुद्रण ऑनलाइन मागवले. हाती आलेल्या प्रतीत मूळचे मुखपृष्ठ नाही, काही पाने तिरकी आहेत, आणि नकाशाच्या जागी घडी घातलेल्या कागदाचे चित्र छापलेले आहे. अशा आवृत्त्या घ्याव्यात की नाही?
— सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपल्याकडे आलेली प्रत बहुधा मागणीनुसार छपाईची आहे. ऑफसेट मुद्रणात प्रत्येक फर्म्यासाठी प्लेट करावी लागते, यंत्र लावावे लागते, आणि हा आरंभीचा खर्च शंभर प्रती काढा की हजार, तेवढाच राहतो. म्हणून कमी प्रती काढल्या की दरप्रत खर्च चढतो. मागणीनुसार छपाईत पुस्तकाची फाइल साठवलेली असते आणि मागणी आली की डिजिटल यंत्रावर एकच प्रतही काढता येते. वर्षाकाठी जेमतेम पाच-दहा जणांना लागणाऱ्या ग्रंथांसाठी ही फार मोलाची सोय आहे आणि तिच्यामुळे कितीतरी दुर्मीळ पुस्तके पुन्हा हाती येऊ लागली आहेत. म्हणून पद्धतीला दोष देऊ नये.

दोष आहे तो पाने न पाहता छापण्याचा. मोठ्या ग्रंथालयांच्या संग्रहातून टिपलेली छायाचित्रे जशी मिळाली तशी छापली जातात. टिपणाऱ्याने नकाशाची घडी उलगडली नसेल, तर पुस्तकात घडीच उमटते, आणि छापणाऱ्याने पाने चाळलेली नसतात. आपल्या विषयात नकाशा हा मजकुराइतकाच महत्त्वाचा असल्याने अशी प्रत अभ्यासाला अपुरी आहे.

विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून किंवा पाहून घ्याव्यात. मूळ आवृत्तीचे वर्ष आणि प्रकाशनस्थळ दिलेले आहे का? एकूण पृष्ठे ग्रंथालयाच्या नोंदीतील पृष्ठसंख्येशी जुळतात का? नकाशे आणि चित्रपत्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे का? ग्रंथ अनेक खंडांचा असेल, तर हा नेमका कितवा खंड आहे? शेवटचा प्रश्न विशेष करून विचारावा, कारण एका खंडावर संपूर्ण ग्रंथाचे नाव छापलेले असते आणि पार्सल उघडल्यावरच खरा प्रकार कळतो. प्रत सदोष निघाली, तर विक्रेत्याला पृष्ठांकांसह लेखी कळवून बदलून मागावी. प्रबंधात हवाला देताना पुनर्मुद्रणाबरोबर मूळ आवृत्तीचे वर्षही अवश्य द्या. १८८० च्या सुमाराचे मत २०२० चे म्हणून वाचले जाण्याने अभ्यासाची दिशाच चुकते.

प्रश्न : एका धार्मिक ग्रंथाच्या पुनर्मुद्रणावर ‘चिकित्सक आवृत्ती’ असे छापलेले पाहिले. आत टिपा किंवा पाठभेद काहीच नाहीत. हे योग्य आहे का?
— नारायण पेठ, पुणे

उत्तर : योग्य नाही. उपलब्ध हस्तलिखिते मिळवून, त्यांचे परस्परसंबंध ठरवून, मूळच्या अधिकाधिक जवळचा पाठ निश्चित करणे आणि वगळलेले पाठभेद प्रत्येक पानाखाली वाचकाच्या तपासणीसाठी देणे, याला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. महाभारताच्या अशा आवृत्तीचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या निमित्ताने या कामाची जी पद्धत घालून दिली, तिच्यावर विद्वानांच्या एकाहून अधिक पिढ्यांनी काम केले. ज्या शहरात हे घडले, त्या शहरातील पेठांत तरी हे विशेषण साध्या पुनर्मुद्रणाला लागू नये. मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापला असेल तर ‘पुनर्मुद्रण’, दुरुस्त्या किंवा भर घातली असेल तर ‘सुधारित आवृत्ती’, आणि टिपा व प्रस्तावना जोडली असेल तर ‘संपादित आवृत्ती’ म्हणावे. हे शब्द कमी प्रतीचे नाहीत.

प्रश्न : आमची एक छोटी संस्था जुना संदर्भग्रंथ पुन्हा काढत आहे. ग्रंथालयांना पुठ्ठाबांधणी हवी असते, विद्यार्थ्यांना स्वस्त प्रत. दोन आवृत्त्यांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. कागद आणि बांधणी यांबाबत मार्गदर्शन करावे.
— शुक्रवार पेठ, पुणे

उत्तर : दोन आवृत्त्या छापण्याची गरज नाही. आतील फर्मे एकदाच छापून घ्यावेत आणि बांधणी दोन प्रकारे करावी. समजा पाचशे प्रतींचे फर्मे काढले, तर त्यांतील शंभर-दीडशे प्रती पुठ्ठाबांधणीत आणि उरलेल्या साध्या बांधणीत काढता येतील. बाइंडर हे नेहमी करतात. सोळा पानी फर्म्यांच्या हिशेबाने ३२० पानांचा ग्रंथ वीस फर्म्यांत बसतो, म्हणून शेवटी दोन-तीन पाने उरतील अशी मांडणी टाळावी, किंवा ती सूचीसाठी वापरावीत.

ग्रंथालयाच्या प्रती मात्र शिवलेल्याच असाव्यात. नुसत्या गरम गोंदाने चिकटवलेले जाड पुस्तक संदर्भासाठी वारंवार टेबलावर उघडून ठेवले, छायाप्रतीसाठी यंत्रावर दाबले, की काही वर्षांत कणा तडकतो आणि पाने सुटतात. विद्यार्थ्यांच्या प्रतीतही फर्मे आधी शिवून मग कागदी वेष्टन चढवता आले, तर थोडा खर्च वाढला तरी तो करावा. आतला समास ऐसपैस सोडावा. मूळ पानांचे छायाचित्र छापत असाल तर याकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण जुन्या डेमी आकाराच्या पुस्तकाची पाने लहान आकारात कोंबली की तळटिपा वाचता येत नाहीत आणि ओळींची टोके शिवणीत जातात. कागद ७० ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), किंचित पिवळसर छटेचा आणि आम्लरहित असावा. झगझगीत पांढऱ्या कागदावर छायाचित्रित पाने अधिकच मळकट दिसतात.

दोन्ही बांधण्यांना स्वतंत्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्यावा. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात. छोट्या संस्था हे वारंवार विसरतात आणि मग त्यांच्या पुस्तकाची नोंद राष्ट्रीय ग्रंथसूचीत येत नाही. छपाईसाठी तयार केलेल्या फाइली आणि मूळ पानांची टिपलेली छायाचित्रे यांची एक प्रत संस्थेबाहेर, शक्यतो एखाद्या ग्रंथालयाकडे ठेवावी आणि छापखान्याशी करार करताना या फाइली संस्थेच्या मालकीच्या राहतील हे कलम लेखी घालून घ्यावे.